झाडूला वंदन, झाडणाऱ्याला मानधन

१/ २० डिसेंबर १९५६. अमरावतीजवळ वलगाव येथे गाडगेबाबांनी देह ठेवला. आज त्यांच्या नावाने अमरावतीत विद्यापीठ आहे, राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान आहे. मात्र तोच झाडू ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या वेतनाचे काय? हा धागा त्याविषयी.

२/ अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी जाणोरकर अकोल्याकडील दापुरे या मामाच्या गावी वाढले. मामाची शेती सावकाराने गिळताना त्यांनी पाहिली. श्रमाचे मोल कसे बुडवतात, हे त्यांना तेव्हाच उमगले.

३/ १९०५ साली त्यांनी घर सोडले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. देणग्यांतून धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी काही ठेवले नाही. हा त्याग त्यांनी स्वतः निवडला होता.

४/ आपली लबाडी येथेच आहे. एका संताचा स्वेच्छेचा त्याग आपण इतरांच्या पोटावर लादला. कामाला 'सेवा' म्हटले की मजुरीचा हिशेब मागणे अशोभनीय ठरते.

५/ ही रीत जुनीच. बलुतेदारीत मोबदला हक्काचा असे, तरी महार-मांगांना तो खळ्यावर हात पसरून घ्यावा लागे. आज खळे गेले, 'मानधन' आले. आशाताईंच्या तर पदनामातच 'स्वयंसेविका' आहे! अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागले.

६/ कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. बारमाही कामात कंत्राटी पद्धतीस बंदी घालण्याचा अधिकार तो २०२५ पर्यंत सरकारला देत होता. कचऱ्याहून अधिक बारमाही काय असते? तरीही मुंबईच्या २,७०० सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ पर्यंत न्यायालयात झुंजावे लागले.

७/ 'पालिकेकडे पैसा नाही' हे उत्तर ठरलेले. मग कंत्राटदाराचा नफा कोणत्या तिजोरीतून निघतो?

८/ ताट विकावे, पण मूल शिकवावे, असे बाबा कीर्तनात सांगत. ज्याच्या ताटातच पुरेसे पडत नाही, त्याने काय विकावे?

९/ म्हणून एक मागणी. २३ फेब्रुवारीला, बाबांच्या जयंतीदिनी, प्रत्येक नगरसंस्थेने प्रतिमेशेजारी एक तक्ता लावावा : सफाई कामगार किती कायम, किती कंत्राटी, कोणाच्या हाती महिन्याला किती रुपये. हार त्यानंतर घालावा.