आपाची सायकल माझ्याकडे कशी आली

आपा सातवीत होती तेव्हा तिची सायकल मला मिळाली. भांडण नाही, रडारड नाही. दादी म्हणाली, "आता ती मोठी झाली," आणि अब्बांनी सीट खाली करून सायकल माझ्या हातात दिली. मी खूश झालो. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. हायस्कूल पाच किलोमीटरवर. आपा दहावीपर्यंत वडापनं गेली. कॉलेज त्याहून लांब, वडापचा भरवसा नाही, आणि रोज सोबत कोण जाणार? दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तिचं शिक्षण तिथंच थांबलं, मी इंजिनिअर झालो.

हा आमच्या घरातला प्रश्न आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग बिहारबद्दल वाचलं. तिथं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तर योग्य वयात हायस्कूलला नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. सगळ्यात जास्त फरक शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत पडला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. तुमचा तालुका त्यात असेल तर शाळेत विचारा.

आता माझी मुलगी दहा वर्षांची आहे. आम्ही पुण्यात कोंढव्यात राहतो. परवापरवापर्यंत ती पार्किंगमध्येच गोल गोल सायकल फिरवायची आणि सव्वा किलोमीटरवरच्या ट्यूशनला मी तिला कारनं सोडायचो. दादीची भीती 'लोक काय म्हणतील' ही होती, माझी पाण्याच्या टँकरची. मुलीच्या बाजूनं पाहिलं तर फरक काय?

टँकरची भीती खोटी नाही. पण इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जायची, १९९० साली फक्त ९ टक्के. मेयर हिलमन यांनी हे आकडे मांडले आणि दाखवलं की रस्त्यावरचे मुलांचे मृत्यू कमी झाले ते रस्ते सुधारले म्हणून नव्हे, मुलंच रस्त्यावरून हटवली म्हणून. आपणही तेच करतोय. शाळा सुटताना फाटकाबाहेर जी कोंडी होते, ती आपल्याच गाड्यांची असते.

मग आम्ही रविवारी सकाळी सुरुवात केली. ती पुढं, मी मागं. मोठ्या चौकात उतरून सायकल हातानं ढकलत न्यायची. चेन उतरली तर कशी चढवायची, वाटेत कुठल्या दुकानदाराकडं थांबायचं, माझा आणि अम्मीचा नंबर तोंडपाठ. ओढणी चाकात अडकते ही नातेवाइकांची तक्रार खरी आहे. ती पिननं बांधता येते आणि चेन कव्हर असलेली सायकलही मिळते. त्यासाठी सायकल बंद कशाला?

गंमत म्हणजे तेच नातेवाईक पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात स्कूटरची चावी देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगा ट्रिपल सीट जातो तेव्हा 'लोक काय म्हणतील' कुणाला आठवत नाही.

तुमच्या घरात धाकटी बहीण, भाची असेल तर तिच्या मागं मागं आधी तुम्हीच सायकल घ्या. आईवडिलांचं मन वादानं वळत नाही. दहा रविवार ती सुखरूप परत आली की वळतं.

पुढच्या महिन्यापासून मुलगी ट्यूशनला एकटी जाणार आहे. तिची वाट पाहत गॅलरीत उभा राहणार नाही असं मी बायकोला सांगितलंय. तिचा अजून विश्वास बसलेला नाही.