बंद्याची मजुरी आणि गावची मजुरी

गेल्या दिवाळीत आमच्या ओसरीवर चार मंडळी जमली होती. बेळगावहून आलेल्या एका आप्तांनी मोठ्या उत्साहाने एक विचार मांडला. त्यांचा स्वतःचा लहानसा कारखाना आहे. ते म्हणाले, "कामगार मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत. सरकारने तुरुंगाचे दरवाजे उद्योगांना उघडून द्यावेत. रिकामे हात तेथे आहेत, काम आमच्याकडे आहे. कैदी सुधारेल, माल स्वस्त होईल, देशाचेही भले होईल." सर्वांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे नंतर मनाला बोचत राहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. बंद्यांना काम देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. रिकाम्या हातांनी भिंतीकडे पाहत वर्षे काढण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. आटपाडीजवळील स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने ती उभी राहिली. बंद्यांनी कुटुंबासह राहावे, शेती करावी आणि माणसात परत यावे, हा त्यामागील हेतू. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागील प्रेरणाही तीच. तेथे बंदी राबत होता, परंतु त्याच्या घामावर कोणा कंपनीचा ताळेबंद उभा नव्हता. माझा आक्षेप श्रमाला नाही, श्रमाच्या भावाला आहे.

हा भाव म्हणजे काय, हे मला सरकारी नोकरीत एका सुताराने शिकविले. आमच्या कार्यालयासाठी टेबले व खुर्च्या घ्यावयाच्या होत्या. गावातील सुताराने दर दिला. दुसरा दर एका कारागृहाच्या कारखान्याचा होता, आणि तो बराच कमी होता. नियमाने कमी दर स्वीकारावयाचा, तसा मी स्वीकारला व सही केली. दुसऱ्या दिवशी तो सुतार दारात येऊन उभा राहिला. आवाज न चढविता तो म्हणाला, "साहेब, त्यांच्या पोटाची काळजी सरकारला आहे. माझ्या पोटाची कुणाला?" मी त्याला नियम सांगितला. नियम बरोबर होता. उत्तर मात्र चुकीचे होते. पुढे त्याने रंधा गुंडाळून ठेवला व तो गोव्यात मजुरीला गेला. त्या खुर्च्यांवर मी आणखी काही वर्षे बसलो.

हे दुखणे आजचे नाही. जॉर्ज बर्डवुड हे नाव आपल्या भागात फारसे कोणी घेत नाही, वस्तुतः त्यांचा जन्म १८३२ साली बेळगावातच झाला. हिंदुस्थानातील हस्तकलांवर त्यांनी १८८० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात सरकारी तुरुंगांतील गालिच्यांच्या कारखान्यांवर कठोर टीका आहे. पिढ्यान्पिढ्या माग चालविणाऱ्या विणकराला तुरुंगाच्या स्वस्त मालाशी स्पर्धा करावी लागली. त्यात विणकर उपाशी राहिला आणि कलाही बिघडली, असा त्यांचा आरोप होता. हे लिहिणारा मनुष्य साम्राज्याचा सेवक होता, बंडखोर नव्हता. येथे तर व्यापारीही सरकारच होते. सरकारच्या जागी नफ्याचा हिशेब मागणारी कंपनी बसविली, तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

कल्पनाही करावी लागत नाही, इतिहासच पुरेसा आहे. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली, परंतु तेराव्या घटनादुरुस्तीत 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' एवढा अपवाद राहिला. त्या फटीतून दक्षिणेकडील राज्यांनी कैदी खाणमालकांना व मळेवाल्यांना भाड्याने दिले. टेनेसी राज्यातील कोल क्रीक खोऱ्यात १८९१ साली कोळसा खाणींतील स्वतंत्र कामगारांच्या जागी कैदी आणले गेले. तेव्हा कामगारांनी काय केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते सशस्त्र जमावाने छावणीवर गेले, कैद्यांना बाहेर काढले आणि आगगाडीत बसवून नॉक्सव्हिलला रवाना केले. रोष कैद्यावर नव्हता, त्याला भाड्याने घेणाऱ्यावर होता. काही वर्षांतच टेनेसीला ही पद्धत बंद करावी लागली. अलाबामात मात्र ती १९२८ पर्यंत चालली. ज्याच्या श्रमाला भाव नाही असा एक मनुष्य कामावर आला, की शेजारच्या शंभर माणसांचा भाव घसरतो, हे त्या खाणकामगारांना पुस्तक न वाचता कळले होते.

कायदा याबाबत आंधळा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या सक्तश्रमविषयक करारात न्यायालयाने दिलेल्या शिक्षेतील श्रमाला सूट आहे, परंतु त्या बंद्याला खासगी व्यक्ती वा कंपनीच्या हाती सोपविता येणार नाही, अशी अटही त्याच वाक्यात आहे. भारताने हा करार १९५४ साली मान्य केला. बंद्याने मोकळ्या मनाने संमती दिली असेल आणि वेतन व कामाच्या अटी बाहेरच्या कामगाराच्या जवळपास असतील, तरच खासगी कामाला वाव आहे, असा त्या संघटनेच्या तज्ज्ञांचा अर्थ आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदातील वेठबिगारीच होय, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-प्रकरणात सांगितले. पुढे १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सक्तमजुरी वैध ठरविली, पण बंद्याला न्याय्य वेतन दिलेच पाहिजे, राज्यांनी वेतन ठरविणारे मंडळ नेमावे आणि वेतनातील काही भाग गुन्ह्याने पीडित झालेल्यांसाठी राखण्याचा कायदा करावा, असेही बजावले.

आपल्या कर्नाटक राज्याने डिसेंबर २०२२ च्या आदेशाने बंद्यांची मजुरी सुमारे तिप्पट केली. दिवसाला ५२४ रुपयांपासून ६६३ रुपयांपर्यंत दर ठरले. त्या वेळी अनेकांनी नाके मुरडली. "शेतमजुराला जे मिळत नाही ते खुन्याला?" असा सवाल ऐकू आला. हा सवाल ज्यांनी केला त्यांना माझे नम्र सांगणे आहे, की त्यांनी गणित उलटे मांडले. बंद्याला पूर्ण मजुरी मिळते, तेव्हा बाहेरचा मजूर सुरक्षित होतो, कारण मग त्याच्या जागी स्वस्त माणूस आणण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. शेतमजुराला कमी मिळते, हा अन्याय आहेच. परंतु दुसऱ्याला त्याहून कमी देऊन तो दूर होत नाही.

दुसरा युक्तिवाद कौशल्याचा. कंपनी आली की बंदी हुन्नर शिकेल आणि सुटल्यावर पोटाला लागेल, असे म्हणतात. शिकेल तर आनंदच आहे. पण त्या कंपनीला एकच प्रश्न विचारावा: सुटल्यानंतर हा मनुष्य तुमच्या दारात आला, तर त्याला बाहेरच्या दराने ठेवून घ्याल काय? 'हो' म्हणणारी कंपनी खुशाल आत यावी. टाळाटाळ करणारीला त्याचा हुन्नर नको आहे, त्याची असहायता हवी आहे. संप न करणारा, रजा न मागणारा, नोकरी न सोडणारा कामगार मिळणे हा ज्यांना उद्योगाचा स्वर्ग वाटतो, त्यांच्यापासून तुरुंग आणि गाव दोन्ही सांभाळले पाहिजेत.

'रिकामे हात' हा शब्दही तपासून घ्यावा. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे दर चारांत तीन जण न्यायाधीन होते. ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, त्यांना सक्तीने कामाला जुंपता येत नाही. त्यांचे खटले लवकर चालविणे हाच त्यांचे हात मोकळे करण्याचा मार्ग आहे.

आता थोडे आपल्याविषयी. जोयड्याच्या या रानात आपली घराणी आली, ती कोणी लोहमार्गाच्या कामावर, कोणी लाकूडकोठीत, कोणी पुढे सुप्याच्या धरणावर. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीकांनी कंत्राटदाराची उचल घेऊन ती फेडण्यात उमेदीची वर्षे घालविली, ते घरोघरी सांगितले जाते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या श्रमाची किंमत दुसराच ठरवितो, हा अनुभव आपल्या रक्तात आहे. आज आपल्यापैकी काही जण स्वतः कंत्राटदार आहेत, काहींनी पर्यटकांसाठी घरे सजविली आहेत. तेथे लागणारी वेताची खुर्ची, बांबूची टोपली, लाकडी पलंग स्वस्तात कोठून येतो, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आपल्याच कुणबी शेजाऱ्याने विणलेल्या टोपलीशी घासाघीस करायची आणि अन्यत्रचा स्वस्त माल कौतुकाने मिरवायचा, हे शोभणारे नाही.

माझे मागणे थोडके आहे. खासगी कंपनीला बंद्याचे श्रम हवे असतील, तर तिने बाहेरचे पूर्ण किमान वेतन मोजावे. संमती लेखी असावी आणि नकार दिल्याबद्दल कोणाची सवलत जाऊ नये. वेतनातून पीडितांचा वाटा व बंद्याच्या घरी जाणारा पैसा यांचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. आसपासच्या कारागिरांचे पोट ज्या वस्तूवर आहे, ती वस्तू तुरुंगात काढण्यापूर्वी त्यांना विचारावे. आणि सरकारी खरेदीत केवळ कमी दर पाहणारा नियम बदलावा. त्या नियमावर मीच सही केलेली असल्यामुळे हे सांगण्याचा मला अधिकार नसला, तरी ऋण आहे.

आप्तांना मी पत्र लिहिले आहे. कामगार टिकत नाहीत, यावर उपाय तुरुंगात नाही, त्यांच्याच कारखान्याच्या पगारपत्रकात आहे, असे त्यात कळविले. उत्तर अद्याप आलेले नाही.