एनपीएसमध्ये व्याजविरहित पर्याय सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
पेन्शन निधी नियामक आणि विकास प्राधिकरण (पीएफआरडीए), नवी दिल्ली

विषय : राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) शरियाच्या निकषांवर चालणारा, तज्ज्ञांनी सांभाळलेला पर्याय मिळण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्या बहुतेक कर्मचाऱ्यांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दरमहा १० टक्के रक्कम एनपीएससाठी कापली जाते आणि शासन १४ टक्के भरते. मालेगावची शिक्षिका असो वा रत्नागिरीचा लिपिक, या पैशांचे काय करायचे हे त्यांना रोज पाहावे लागत नाही. योजनेची हीच सोय आहे. मात्र त्यांतील ज्या मुस्लिम कर्मचाऱ्यांना व्याज निषिद्ध वाटते, त्यांची अडचणही इथेच आहे. पगारातून सक्तीने कापलेल्या पैशांचा मोठा हिस्सा सरकारी आणि कंपन्यांच्या रोख्यांत जातो, आणि रोख्यांचे उत्पन्न म्हणजे व्याज.

खासगी नोकरदाराची स्थितीही फारशी वेगळी नाही. एनपीएसच्या ‘ऑटो चॉइस’मधील एलसी-५० पर्यायात पस्तिशीपर्यंत निम्मी रक्कम शेअरमध्ये असते. पुढे तो वाटा दरवर्षी घटत ५५ व्या वर्षी १० टक्क्यांवर येतो. म्हणजे जसजसे वय वाढेल, तसतसे त्याचे पैसे त्याला नको असलेल्या व्याजाकडेच सरकतात. निव्वळ शेअरचा पर्याय घेतला, तरी त्यात बँकांचे शेअर असतातच.

निवेदनकर्त्यांना सवलत नको, अनुदान नको. आपली बचत आपल्या श्रद्धेशी विसंगत राहू नये, इतकेच त्यांचे म्हणणे आहे. सर्व मुसलमान याच मताचे आहेत असा त्यांचा दावा नाही. अनेकांनी एनपीएस आहे तशी स्वीकारली आहे. म्हणूनच मागणी पर्यायाची आहे, सक्तीची नाही.

असा पर्याय चालवता येतो, हे परदेशात दिसून आले आहे. ब्रिटनमधील नेस्ट पेन्शन योजनेत सदस्याने काही निवडले नाही तर त्याचे पैसे निवृत्तीच्या वर्षानुसार ठरलेल्या फंडात जातात. पण तिथे शरिया फंडही आहे. मलेशियाच्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधीने जानेवारी २०१७ पासून ‘सिम्पानन शरिया’ सुरू केले, त्यासाठी आरंभी १०० अब्ज रिंगिट वेगळे काढले. पहिल्या वर्षी त्याचा लाभांश ६.४० टक्के होता, तर नेहमीच्या खात्याचा ६.९०. परतावा कमीही पडू शकतो, याची जाणीव ठेवूनच ही मागणी केली जात आहे.

लागणारी साधने भारतातही आहेत. शेअर बाजारात निफ्टी ५० शरिया आणि निफ्टी ५०० शरिया निर्देशांक आहेत. टाटा एथिकल फंड याच प्रकारच्या छाननीवर चालतो. बँका, मद्य, तंबाखू, जुगार यांच्या कंपन्या वगळायच्या, कर्जाचा बोजा मोठा असलेल्या कंपन्या टाळायच्या आणि उत्पन्नात व्याजाचा अंश शिरलाच तर तो दानात द्यायचा, अशी ही रीत आहे.

नियमन असलेला पर्याय नसल्याची किंमत मोठी असते. बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायजरी ही कंपनी ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावाखाली पैसे गोळा करत होती. जून २०१९ मध्ये ती कोसळली आणि हजारो कुटुंबांची बचत बुडाली. श्रद्धा जपणारा, तरीही सरकारी देखरेखीतला मार्ग मिळाला असता, तर त्यातील किती घरे वाचली असती, याचा विचार प्राधिकरणाने करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

म्हणून मागणी अशी की, शरिया-छाननीचे शेअर आणि सोन्याचे ईटीएफ यांवर चालणारी, वयानुसार आपोआप प्रमाण बदलणारी योजना एनपीएसमध्ये सुरू करावी. सरकारी कर्मचाऱ्यांनाही ती निवडता यावी; छाननी स्वतंत्र जाणकारांकडून व्हावी आणि वगळलेल्या कंपन्या तसेच दानात दिलेली रक्कम दरवर्षी जाहीर व्हावी. निवृत्तीच्या वेळी ॲन्युइटीचा प्रश्न उरतो, कारण तीही व्याजावर उभी असते. या योजनेच्या सदस्यांना त्याऐवजी टप्प्याटप्प्याने रक्कम काढण्याची मुभा देता येईल का, हे तपासावे. सोबत, आणखी किती सदस्यांना असा पर्याय हवा आहे याची ऑनलाइन नोंद घेण्याची व्यवस्था करावी आणि या निवेदनावरील निर्णय लेखी कळवावा.

आपले विश्वासू,
महाराष्ट्रातील एनपीएस सदस्य