आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीवर!

"पैसे भरून, गाईडच्या दोरीला लटकून कसलं क्लाइंबिंग?" परवा टपरीवर टीममधल्या एका सह्याद्रीवेड्या मित्राने मला चिडवलं. कारण? हिवाळ्यात लडाखला जाऊन गोठलेल्या धबधब्यावर चढायचा कोर्स करायचं माझ्या डोक्यात आहे.

मी चंद्रपूरचा. मे महिन्यात पारा ४६-४७ वर. बर्फ दिसतो तो रसवंतीवर. पण याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं मे २०१८ मधे 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर पोचली. काटकपणा अंगात असेलही, बर्फ मात्र दार्जिलिंग-लडाखला जाऊनच शिकावा लागला.

कारण बर्फावर नुसती ताकद लावली की हात भरून येतात. भार पायांवर, क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर द्यायचा. आइस-अ‍ॅक्सच्या आवाजावरून पोकळ बर्फ ओळखायचा. हे चुकतमाकतच येतं, आणि तिथे चूक महागात पडते. वरून बांधलेली दोरी म्हणजे चुकायची परवानगी! त्यात लाज कसली?

असो. माझी दोरी माझा पगार विकत घेईल. त्या पाच जणांना ती सरकारने दिली. जिवतीच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या पुढच्या पोराला कोण देणार, यावर भांडूया की!