कोय कुणाची, आठळी कुणाची?

दिवाळीचे पहिले दिवस मुलांना खेळ पुरवावे लागत नाहीत. किल्ल्याची माती, मावळ्यांवरून होणारी भांडणे, फुलबाज्या आणि फराळ यांत ती गुंग असतात. आईबापांची खरी कसोटी लागते ती भाऊबीज आटोपल्यावर. पाहुणे पांगतात, किल्ल्यावरचे हळीव सुकू लागते, शाळा मात्र अजून उघडायची असते. आणि मग घरोघर मोबाइलची मागणी सुरू होते. अशा वेळी उपयोगी पडेल असा एक खेळ या खेपेस सांगणार आहे. तसा तो बाजारात विकतही मिळतो. पण घरी केलेला अधिक चांगला, आणि तो का, तेही सांगते.

खेळ जोड्या लावण्याचा. चित्रांची पाने पालथी मांडायची. ज्याची पाळी त्याने दोन उलटायची. जोडी जमली तर ती पाने त्याची, वर आणखी एक पाळी. नाही जमली तर पाने होती तिथेच पुन्हा पालथी. कुठे काय होते हे ज्याच्या ध्यानात राहील तो जिंकला.

कल्पना फार जुनी आहे. शिंपल्याची दोन झाकणे एकमेकांनाच नेमकी बसतात, तिसऱ्या कशाला नाही. हे पाहून जपानी लोकांनी शिंपल्यांच्या आतल्या बाजूंवर जोडीची चित्रे रंगवून जुळवण्याचा खेळ केला. पुऱ्या संचात ३६० शिंपले असत आणि थोरामोठ्यांच्या मुली तो संच सासरी नेत. जर्मनीतल्या रावेन्सबुर्गर कंपनीने १९५९ साली ‘मेमरी’ या नावाने पुठ्ठ्याच्या पानांचा खेळ बाजारात आणला. आज दुकानांत दिसतात ते बहुतेक त्याच धर्तीचे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. आपणही तोच धडा गिरवू या.

सामान घरातच सापडेल. शर्टाच्या किंवा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. २० बाय ३० सेंटिमीटरच्या तुकड्यातून ५ सेंटिमीटरची चौकोनी पाने बरोबर २४ निघतात, म्हणजे १२ जोड्या झाल्या. एका बाजूस पांढरा कागद चिकटवा आणि दुसऱ्या बाजूस पुस्तकांना घालतो तो खाकी कागद. दोन्ही कागद एकाच वेळी चिकटवायचे. एकाच बाजूला लावला, तर वाळताना तो आकसतो आणि पुठ्ठ्याची पन्हळ होते. रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा, सकाळी कापा आणि कोपरे गोल करा. कणकेची खळ चालते. मात्र कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत इथे नको. मोरचूद विषारी, आणि पाने मुलांच्या तोंडात जाणारच.

पाठी सगळ्या अगदी सारख्या हव्यात. एखाद्या पानाला चकलीच्या तेलाचा डाग पडला, की मुलांना ते पान पाठीवरूनच ओळखू येते आणि ती हे कुणाला सांगत नाहीत! म्हणून हात धुतल्याशिवाय खेळायला बसायचे नाही, असा नियमच करावा.

आता चित्रांविषयी. दुकानातल्या खेळात सफरचंदाशी सफरचंद जुळते. आपण दोन सारखी चित्रे काढूच नयेत. एकाची दुसऱ्याशी गाठ असलेली काढावी. आंबा–कोय, फणस–आठळी, चिंच–चिंचोका, कापूस–सरकी. गाय–वासरू, म्हैस–रेडकू, शेळी–करडू, घोडा–शिंगरू. कुलूप–किल्ली, सुई–दोरा, पोळपाट–लाटणे, खल–बत्ता. झाल्या बारा जोड्या. चित्राखाली नाव लिहा, आणि दोन्ही नावे मोठ्याने म्हटल्यावाचून जोडी उचलायची नाही.

असे का, ते सांगते. माझी नात बेंगळुरूला असते. वय वर्षे सहा. मोबाइलवर आम्ही दोघी दर रविवारी भेटतो, पण बोलणे तीन वाक्यांत संपते. “जेवलीस का?” “हो.” “अभ्यास झाला?” “हो.” “केव्हा येणार?” यावर ती आईकडे बघते. प्रेमाला तोटा नाही. शब्दांना मात्र आहे. तिच्या लेखी कोय, आठळी, चिंचोका ही सारी ‘सीड’. मागल्या सुटीत ती आली तेव्हा आम्ही दोघींनी हा खेळ केला. चित्रे तिची, कापाकापी माझी.

खेळता खेळता तिने विचारले, “आजी, आठळी म्हणजे फणसाचं बाळ का गं?” मग भाजलेल्या आठळ्या निघाल्या, रुजलेली कोय दगडावर घासून केलेली पिपाणी निघाली, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली घोंगडी निघाली. एकेका पानामागे एकेक गोष्ट. तीन वाक्यांच्या पलीकडे आम्ही पहिल्यांदाच गेलो.

या खेळात आणखी एक न्याय आहे. बुद्धिबळात, पत्त्यांत आपण लहान मुलांपुढे मुद्दाम हरतो आणि त्यांना ते कळते. इथे तशी गरजच पडत नाही. चोवीस पानांतले एक उलटले, की दुसरे त्याचेच निघण्याची शक्यता सुरुवातीला तेविसात एक. पुढे सारा कारभार स्मरणाचा. माझे वय बहात्तर. पहिल्या चार डावांपैकी तीन नातीने जिंकले, तेही निखळ. हरण्यातली ती गंमत मला फार दिवसांनी मिळाली.

लहान मुलांसाठी सहाच जोड्यांनी आरंभ करा. तीनचार दिवसांनी वाढवा. काही पाने कोरी ठेवा. तुमच्या घरचे, तुमच्या गावचे जे शब्द मागे पडत असतील, ते आजीआजोबांना विचारून त्यांवर चढवा. आणि डबा बंद करताना पाने मोजायला विसरू नका. या खेळात एक पान हरवले, की दोन गेल्यासारखीच असतात.