उपग्रहाचा रेडिओ आणि उंबऱ्यावरचा दिवा

शब्द हा आकाशाचा गुण आहे, असें आपले नैयायिक मानीत आले. आधुनिक पदार्थविज्ञानास तें मान्य नाहीं. तथापि म्हैसूरचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनीं १९३५ सालीं खाजगी रीतीनें चालविलेल्या केंद्राशीं ‘आकाशवाणी’ हें नांव जडलें, व पुढें तेंच सर्व देशाच्या नभोवाणीनें उचललें, तेव्हां त्या जुन्या कल्पनेचा मान राहिला असें म्हणण्यास हरकत नाहीं. गेल्या पंचवीस वर्षांत तर ही वाणी अक्षरशः आकाशांतून येऊं लागली. तिच्या मोहाविषयीं गृहस्थाश्रमी मंडळींनीं थोडा विचार करावा, एवढ्यासाठींच आजचा हा लेख.

नेहमींच्या रेडिओचें क्षेपणकेंद्र जमिनीवर असतें. मीडियम वेव्हची लहर भूमीस धरून दूरवर जाते, आणि रात्रीं वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून त्याहूनही लांब पोंचते. पण तींत खरखर फार. एफ. एम. ची लहर स्वच्छ खरी, परंतु तिची धांव साधारणतः दृष्टीच्या टप्प्याइतकीच. मध्यें डोंगर आला कीं ती खुंटली. सह्याद्रीच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांस हें सांगणें नलगे. उपग्रहाची गोष्ट निराळी. विषुववृत्तावर सुमारें ३६ हजार किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्या गतीनेंच फिरतो, म्हणून आपणांस एका जागीं स्थिर भासतो. तेथून सोडलेला झोत एकाच वेळीं अनेक देशांवर पडतो. गांव, अरण्य, समुद्र त्यास सारखेच. मात्र घेणाऱ्या यंत्राच्या अँटेनास मोकळें आकाश दिसलें पाहिजे.

या युक्तीचा लाभ आपल्या देशास करून देणारी कंपनी म्हणजे वर्ल्डस्पेस. इथिओपियांत जन्मलेले नोआ समारा यांनीं ती अमेरिकेंत स्थापिली. आफ्रिकेसाठीं १९९८ सालीं व आशियासाठीं २००० सालीं तिचे उपग्रह वर गेले. खुद्द अमेरिकेंत एक्सएम ही कंपनी २००१ सालीं व सिरियस ही २००२ सालीं याच कामास लागली, आणि २००८ सालीं त्या दोन्ही एक झाल्या.

हा मोह खोटा नव्हता, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. वर्ल्डस्पेसची ‘गंधर्व’ नांवाची वाहिनी हिंदुस्थानी रागसंगीतास वाहिलेली होती. विलंबित ख्याल आपल्या चालीनें फुलतो आहे, मध्येंच साबणाची जाहिरात नाहीं, निवेदकाची बडबड नाहीं, आणि आवाज आरशासारखा स्वच्छ. रसिकास याहून अधिक काय हवें? जमिनीवरील केंद्रास एकाच वाहिनीवर शेतकऱ्यांपासून बालकांपर्यंत सर्वांना थोडें थोडें वाढावें लागतें. गवयाच्या वांट्यास येतात ते मोजके मिनिट. उपग्रहावर ज्याला जें हवें त्याचें ताट वेगळें. वर्गणी भरावी आणि पोटभर ऐकावें.

पण ताट वेगळें झालें कीं पंगत मोडते, हेंही खरें. संस्कृतांत ‘देहलीदीपन्याय’ प्रसिद्ध आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घर उजळतो आणि अंगणही उजळतो. साध्या रेडिओची योग्यता तीच आहे. घरांत सकाळच्या बातम्या लागल्या कीं आजोबांस देशाचा वृत्तांत कळतो, सुनेस डबा भरण्याची वेळ कळते, आणि ओसरीवर टेकलेल्या दूधवाल्यासही फुकट चार शब्द मिळतात. आपल्या आवडीचें नसलेलें गाणेंही अशा श्रवणानें कानांवर पडतें, आणि पुष्कळदां तेंच पुढें आवडीचें होतें. नातवंडांस रागांची ओळख शिकवणीनें होते त्याहून अधिक अशा ओझरत्या ऐकण्यानें होते, असें आमचें मत आहे.

दुसरी गोष्ट हक्काची. पूर्वीं रेडिओसाठींही सरकारी परवाना काढावा लागे, हें वडीलधाऱ्यांस आठवत असेल. तथापि परवाना चुकला म्हणून यंत्र कांहीं मुकें होत नसे. वर्गणीच्या आवाजाचें तसें नाहीं. त्याची किल्ली देणाऱ्याच्या हातीं राहते. अमेरिकेंत मोटारींतच यंत्रें बसविलेलीं मिळूं लागलीं आणि शहरांतून पूरक क्षेपणकेंद्रें उभीं राहिलीं, म्हणून तेथील धंदा टिकला. भारतांत तशी सोय झाली नाहीं. उपग्रहांचा खर्च वर्गणीदारांच्या पैशांतून निघेना. ऑक्टोबर २००८ मध्यें वर्ल्डस्पेसनें दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजीं येथील सेवा संपली. नव्या वर्षाच्या पहांटे घराघरांतील तीं यंत्रें निरुपयोगी झालीं. त्यांवर दुसरें कोणतेंही उपग्रहकेंद्र लागण्याजोगें नव्हतें.

मग रसिकानें करावें काय? आकाशवाणीनें १९५२ सालीं संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हां थोर कलावंत सर्व देशानें एकाच वेळीं ऐकावे ही दृष्टि होती. पुढें २०१६ सालीं तिनें ‘रागम्’ ही केवळ शास्त्रीय संगीताची वाहिनी काढली, व ती उपग्रहाद्वारें कोणत्याही वर्गणीवांचून दिली. म्हणजे वैर उपग्रहाशीं नाहीं. प्रश्न एवढाच कीं दिवा उंबऱ्यावर आहे कीं कुलुपबंद खोलींत.

अलीकडे मीडियम वेव्हचीं अनेक जुनीं क्षेपणयंत्रें बंद होत चाललीं आहेत. ऐकणाराच उरला नाहीं, असें त्याचें समर्थन होणार. परंतु वादळांत वीज जाते आणि मोबाइलचे मनोरे निकामी होतात, तेव्हां सेलवर चालणारा लहानसा ट्रान्झिस्टरच कोळ्यांस व कोंकणांतील घरांस इशारा देऊं शकतो. आणि त्यासाठीं क्षेपणकेंद्र जागें असावें लागतें. म्हणून ज्यांना ऐपत व आवड आहे त्यांनीं वर्गणीचें संगीत अवश्य ऐकावें. त्यांत दोष नाहीं. पण घरांत एक साधा रेडिओ चालू स्थितींत ठेवावा, रोज अर्धा तास तरी तो सर्वांनीं मिळून ऐकावा, आणि आवडलेल्या कार्यक्रमाबद्दल केंद्रास एक पत्र टाकावें. दिव्यांत तेल घालणारा असेल तरच उंबरा उजळलेला राहतो.