खिशांतली तालीम

व्यायाम म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें तांबड्या मातीचा हौदा, मलखांब आणि भिंतीशीं टेकून ठेवलेले मुद्गल उभे राहतात. त्यांच्या शेजारीं खिशांत मावणारा रबरी पट्टा ठेवला, तर पुष्कळांस हंसूं येईल. आम्हांसहि प्रथम आलें. परंतु विचारांतीं आमचें मत पालटलें. तें वाचकांपुढें मांडतों.

हें साधन परकी नवलाई होय, असा आक्षेप पहिल्यानें येतो. तो टिकत नाहीं. आपली लेझीम मूळची कसरतीची कमान. दोरीऐवजीं लोखंडी सांखळी लावलेली, बाहूंस बळ आणण्यासाठीं खेंचावयाची. शाळेंत तालावर खुळखुळणारी लेझीम हें तिचेंच हलकें रूप होय. पाश्चात्यांकडे सँडो (१८६७–१९२५) ह्या मल्लानें डंबेलाचे दोन उभे भाग करून मध्यें स्प्रिंगा बसविल्या. मूठ बळावेल तशा त्या वाढवावयाच्या. १९०४–०५ सालीं तो हिंदुस्थानांतहि येऊन गेला.

ह्या साधनांचें मर्म हूकनें १६७८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नियमांत आहे: स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा विरोध वाढतो. पांच किलोचें डंबेल पांच किलोचेंच राहतें. स्प्रिंग मात्र हात लांबेल तशी अधिक झगडते. एकीशेजारीं तशीच दुसरी लावली कीं जोर दुप्पट. रबर हा नियम तंतोतंत पाळीत नाहीं, तरी पट्टा आंखूड धरला कीं तो कठीण होतो, हें कोणीहि करून पाहावें.

"पण लोखंडाची सर रबरास कशी येणार?" असें कोणी विचारील. त्यास उत्तर अंतराळांत आहे. तेथें वजनास वजनच भासत नाहीं, आणि पुरेसा व्यायाम नसेल तर अंतराळवीरांचीं कांहीं हाडें महिन्यास शेंकडा एक ते दीड ह्या प्रमाणांत झिजतात. म्हणून २००८ सालीं आंतरराष्ट्रीय स्थानकावर निर्वात नळकांड्यांच्या योगें विरोध देणारें, तो कमीअधिक करतां येणारें यंत्र नेण्यांत आलें. तात्पर्य, स्नायूंस व हाडांस विरोध पाहिजे. तो लोखंडाचाच असावा असा त्यांचा हट्ट नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें सांगितलें आहे कीं, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं सरासरीनें रोज ६० मिनिटें अंगमेहनत करावी, आणि आठवड्यांतून तीन दिवस तरी स्नायू व हाडें बळकट करणारे प्रकार करावेत. परंतु एका खोलींत सहा माणसें राहतात, त्या घरच्या मुलानें हे कोठें करावे? ज्या मुलीस तालमीचें दार आजहि मोकळेपणीं उघडत नाहीं, तिनें काय करावें? आमचा पक्ष उभा आहे तो ह्यांच्यासाठीं.

दोषहि सांगितले पाहिजेत. जुनें रबर चिरतें आणि तुटून डोळ्यावर बसतें. म्हणून रोज तपासून घ्यावें. रंगांवरून पट्ट्याचा जोर ओळखतात, पण सर्व कारखान्यांचे रंग एक नसतात. शिवाय पट्ट्यास वस्ताद नसतो. चुकलें तर पाठीवर थाप मारून सांगणारा कोणी नाहीं. म्हणून तालीम बंद करून पट्टे वाटा, असें आम्ही म्हणत नाहीं.

आमची सूचना एवढीच: प्रत्येक शाळेनें क्रीडानिधींतून वेगवेगळ्या जोराचे कांहीं पट्टे घ्यावे, व्यायामशिक्षकांनीं त्यांचा उपयोग शिकवावा, आणि ग्रंथालयांतील पुस्तकांप्रमाणें सुटींत ते मुलामुलींस घरीं न्यावयास द्यावे.

विद्यार्थिबंधुभगिनींनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विरोध निवडण्याची मोकळीक येथें ज्याची त्याला आहे. दुसऱ्यास दाखविण्यासाठीं अवजड निवडणारा अंग दुखावून घेतो. नेहमीं सोपाच निवडणारा आहे तेथेंच राहतो. कालच्यापेक्षां किंचित् अधिक निवडणाराच वाढतो. आणि हें केवळ दंडांच्या बाबतींतच खरें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.